घोंगडीला कात्री लागली नाही

चालणाऱ्या माणसाला थंडी उशिरा गाठते, बसून राहणाऱ्याला लगेच. अंग हलत असले की ऊब आतून तयार होत राहते. माळ्यावर जागलीला बसलेल्या, मेंढरांच्या वाड्यापाशी पडून राहिलेल्या किंवा सावजाची वाट पाहणाऱ्या माणसाला मात्र अंगावर जे पांघरले आहे त्याच्याच भरवशावर रात्र काढावी लागते. गरम कपड्याची खरी परीक्षा इथे होते. म्हणून त्याचे कूळ शोधायचे तर शिंप्याच्या दुकानात जाऊन भागत नाही, रानात जावे लागते. चाकूरच्या रानात शोधत गेलो की आपण काळ्या घोंगडीपाशी पोचतो.

चाकूर बालाघाटाच्या पठारावरचे गाव. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतो. आकड्यात ही थंडी मोठी वाटत नाही. पण ज्वारी निसवण्याचे आणि हरभरा घाट्यांवर येण्याचे दिवसही तेच. रानडुकरांचा कळप शिरला तर एका रात्रीत पीक लोळवून जातो, म्हणून जागल करावीच लागते. त्यात शेतीपंपाची लाईट पाळीपाळीने रात्रीची असते. मध्यरात्री पाणी सुरू झाले की दारे धरायला उठायचे, पाय चिखलात, वरून दहिवर, आणि पहाटेपर्यंत बांधावर बसून राहायचे. अशा वेळी दहा अंश हाडांत शिरतात. शहरातल्या स्वेटरवर ही थंडी मोजता येत नाही.

या मुलखात पूर्वी शिकारही होती. फासेपारधी फास आणि जाळी लावून बसत, चित्तापारधी पाळलेल्या चित्त्याकडून काळवीट धरत, आणि लांब पायांचे, सडपातळ कारवान कुत्रे सशामागे सोडले जात. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही घोडे, गाढवे, उंट यांच्याबरोबर हे कुत्रे दिसतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, आणि ती थांबली हे चांगलेच झाले. दबा धरून बसणे मात्र थांबले नाही. पूर्वी माणूस जनावर यावे म्हणून बसायचा, आता येऊ नये म्हणून बसतो. थंडी दोघांनाही सारखीच.

अशा बसण्याला कपडा कसा हवा? तो वाजता कामा नये. नायलॉनच्या जाकिटाची बाही घासली की जी सळसळ होते, ती शांत रानात लांबवर जाते. दहिवराने ओला झाला तरी त्याने ऊब सोडू नये. पाठ टेकून बसले तरी तो दबून पातळ होऊ नये. आगटीची ठिणगी उडाली तर वितळून कातडीला चिकटू नये. आणि काट्याकुट्यांत ओढला गेला तरी उसवू नये. कापूस यातल्या दुसऱ्याच अटीला हरतो. कापसाच्या मुलखात राहूनही रुईची बंडी रानात टिकली नाही, याचे कारण हेच. भिजलेला कापूस बसतो, त्यातली हवा जाते आणि वाळायला सगळा दिवस लागतो. वाकळ घरात आणि घोंगडी रानात, ही वाटणी अनुभवाने झालेली आहे.

जगात इतरत्र याच अटींमधून निरनिराळे कपडे जन्मले. आल्प्सच्या डोंगरातल्या शिकाऱ्यांनी लोडेन धरले. लोकर विणून, पाण्यात तुडवून आटवलेले ते कापड झाडाझुडपांतून जाताना आवाज करत नाही. कॅनडात १८११च्या हिवाळ्यात सेंट जोसेफ बेटावरच्या सैनिकांचे ओव्हरकोट वेळेवर पोचले नाहीत, तेव्हा लोकरी ब्लँकेटे फाडून त्यांचे कोट शिवले गेले. पुढे लाकूडतोडे आणि शिकारी तेच मॅकिनॉ कोट घालू लागले. न्यूझीलंडमध्ये विल्यम ब्रूम नावाच्या शिंप्याने १९१३मध्ये स्वानड्राय हा पाणी न धरणारा लोकरी सदरा काढला. मेंढपाळ आणि शिकारी अजून तो घालतात.

पिसांचे जाकीट या सगळ्यांनंतरचे. १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंचने फुग्याच्या कापडात बदकाची मऊ पिसे भरून कोट शिवून घेतला होता. सोबतच्या गिर्यारोहकांना तो विचित्र वाटला, पण वर गेल्यावर त्याचा गुण कळला. अमेरिकेत एडी बावर नावाचा क्रीडासाहित्याचा दुकानदार १९३५च्या सुमारास हिवाळी मासेमारीवरून परतताना मरता मरता वाचला. त्याच्या अंगात लोकरीचा जाड कोट होता. तो घामाने आणि पाण्याने भिजून जड झाला आणि गोठला. १९३६मध्ये त्याने रजईसारखे कप्पे पाडून पिसांचे जाकीट तयार केले आणि १९४०मध्ये त्याचे पेटंट मिळवले. ही गोष्ट लोकरीच्या अभिमानापोटी लपवू नये. लोकर जड असते आणि चढ चढणाऱ्याला ती नडते. पिसे हलकी, घडी केली तर पिशवीत मावणारी. पण ती भिजली की चिकटून गोळा होतात आणि ऊब उरत नाही. म्हणूनच १९८०च्या दशकात अमेरिकी सैन्यासाठी प्रिमालॉफ्ट हा बारीक कृत्रिम धाग्यांचा भराव तयार झाला, जो ओलाव्यातही फुगून राहतो. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या मैदानावर घाम गाळणारा जवान पुढे काश्मीरच्या बर्फात उभा राहतो, तेव्हा त्याच्या अंगावर याच कुळातला भरावाचा कोट असतो. घोंगडीने त्याचे काम भागणार नाही.

मला विलक्षण वाटते ते वेगळेच. कॅनडात ब्लँकेटाचा कोट झाला, न्यूझीलंडात लोकरीचा सदरा झाला. दख्खनमध्ये घोंगडी मात्र मागावरून उतरली तशीच राहिली, तिला कात्री लागली नाही. शिवणकाम येत नव्हते म्हणून असे झाले, हे कुणी सांगू नये. अंगरखे, बाराबंद्या, डगले शिवणारे हात याच मुलखात होते. कारण मेंढपाळाच्या जगण्यात आहे. धनगर वर्षातले कित्येक महिने कळपामागे फिरतो. शेतकरी खतासाठी त्याच्या मेंढ्या आपल्या रानात बसवून घेतो, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो, आणि धनगर रात्र त्याच उघड्या रानात काढतो. त्याच्याकडे घोड्यावर किंवा गाढवावर मावेल तेवढेच सामान. त्यात एक कपडा पांघरूण, अंथरूण, पावसातले छप्पर, नवजात कोकराची झोळी आणि धान्य पसरायचे चवाळे अशी सगळी कामे करणारा असेल तर तो कापून त्याला बाह्या लावणे म्हणजे पाच कामे गमावून एक मिळवणे. अंगावर घ्यायची वेळ आली की एका टोकाची खोळ करून ती डोक्यावर ओढायची. डोके, मान, पाठ झाकली जाते आणि गोफण फिरवायला हात मोकळे राहतात. पाठीकडे दुहेरी जाडी आणि पुढे मोकळीक, ही रचना न शिवता साधलेली आहे.

आता लोकरीकडे येऊ. दख्खनी मेंढी अंगाने लहान, कणखर, बहुधा काळी. तिची लोकर मेरिनोच्या दुपटीहून जाड असते, म्हणून ती टोचते आणि सूटाच्या कापडाला चालत नाही. रानासाठी मात्र हाच तिचा गुण. तिच्या बऱ्याच तंतूंच्या गाभ्यात पोकळी असते आणि जाड तंतू दाबला तरी परत उभा राहतो, त्यामुळे टेकून बसणाऱ्याच्या पाठीखाली हवा टिकते. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, त्यांवरून थेंब ओघळतो. वाफ मात्र तंतूच्या आत शिरते, अन् आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा शोषूनही लोकर ओली लागत नाही. शोषताना ती थोडी उष्णताही सोडते. पहाटे दहिवर पडायला लागते तेव्हा घोंगडीतल्या माणसाला जी ऊब जाणवते, तिच्यात या उष्णतेचाही वाटा असतो. ठिणगी पडली तर लोकर जळून काळी पडते, पेट धरत नाही.

कातरण साधारण वर्षातून दोनदा होते. लोकर निवडून रंगाप्रमाणे वेगळी केली जाते, पिंजली जाते, आणि बायका चरख्यावर सूत काढतात. विणणारे सणगर आणि खुटेकर धनगर. ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ कुंच्याने लावतात. जाड, केसाळ सूत खळीवाचून मागावर तुटत राहील. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही खळ म्हणजे दख्खनच्या बांधावरच्या झाडाने दख्खनच्या जनावराला दिलेली जोड आहे, आणि या साऱ्या कामातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग तोच. सूत वाळले की खड्ड्याच्या मागावर विणकाम. रंग बहुतेक मेंढीचाच. काळी, करडी, पांढऱ्या काठाची. चाकूरपासून बीदर आणि तेलंगण दूर नाहीत. तिकडचे कुरुबा आणि कुरुमा याच जातीच्या मेंढीच्या लोकरीपासून कंबळी आणि गोंगडी विणतात. राज्यांच्या सीमा नंतर आल्या, लोकरीचा मुलूख एकच आहे.

इतक्या कामांचा कपडा देवाधर्मात आणि न्यायातही शिरतोच. संतांच्या अभंगांत गोपाळकृष्णाच्या खांद्यावर घोंगडी आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये विठ्ठलाचे गवळी-धनगरांशी असलेले नाते उलगडले, तेव्हा या घोंगडीला दैवताच्या इतिहासातली जागा मिळाली. पंच घोंगडी अंथरून बसत, आणि आज निवडणुकीत ‘घोंगडी बैठका’ होतात तो त्याच अंथरणाचा वारसा. महात्मा फुले १८८८मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला शेतकऱ्याच्या वेशात गेले होते, खांद्यावर घोंगडी टाकून. ज्याच्या श्रमावर राज्य चालते त्याचे रूप राजपुत्राला दाखवायचे तर दुसरे कोणते वस्त्र त्या माणसाची इतकी ओळख पटवणार होते?

हे वस्त्र आता अडचणीत आहे, आणि ते सांगताना मला वाईट वाटते. जाड लोकरीला बाजार उरलेला नाही. कातरणीचा खर्चही सुटत नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी लोकर बांधावर टाकून दिली जाते. मेंढी आता मटणासाठी पाळली जाते. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून नारी सुवर्णा हा वाण तयार केला. मेंढपाळाच्या हाती चार पैसे पडावेत म्हणून केलेले ते मोलाचे काम आहे. पण लोकरीसाठी पैदास करण्याचे कारण कुणापाशीच उरलेले नाही. दुसऱ्या बाजूने पानिपतची जुन्या कपड्यांच्या धाग्यांपासून केलेली ब्लँकेटे आणि ॲक्रिलिकच्या चादरी गावोगावी कितीतरी स्वस्तात येतात. जागलीला बसणाऱ्या तरुणाच्या अंगावर आज बहुधा आठवडी बाजारातले रेक्झिनचे किंवा नायलॉनचे जाकीट असते. त्याला दोष देता येणार नाही, मोटारसायकलवर घोंगडी सांभाळणे अवघड आहे.

तरीही ज्याला रात्र बसून काढायची आहे त्याने एकदा घोंगडी पाहावी. मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास भरणारी माळेगावची यात्रा चाकूरहून नांदेडच्या रस्त्यावरच आहे, तिथे ती पाहता येईल. घेताना आधी कडेचा एक धागा ओढून जाळून पाहावा. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक आक्रसून कडक गोळी होते. मग घोंगडी उजेडासमोर धरावी. वीण सगळीकडे सारखी घट्ट हवी, कुठे जाळी दिसता कामा नये. ओंजळभर पाणी ओतून पाहावे, ते क्षणभर तरी वर थांबले पाहिजे. काळा रंग ओल्या फडक्यावर उतरला तर तो मेंढीचा नव्हे, डब्यातला. कोकराच्या पहिल्या कातरणीची, जावळाची घोंगडी मिळाली तर ती मऊ असते आणि तिला जास्त पैसे मोजायला हरकत नाही. नवी घोंगडी खळीमुळे ताठ असते, टोचते. तिला एकदा गार पाण्यात पायांनी तुडवून सावलीत वाळवावी. वीण आटून घट्ट होते, खळ निघून जाते, आणि मग ती अंगाला लागते. गरम पाणी आणि सोडा मात्र टाळावा, त्याने लोकरीतले तेल जाते आणि दहिवर आत शिरायला लागते.