पुल्चिनेल्ला : नेपल्सचा मुखवटाधारी विदूषक

इटलीतील ‘कोमेदिया देल्लार्ते’ या नाट्यपरंपरेत संवाद आधी लिहून ठेवलेले नसत. ठरलेल्या कथासूत्राच्या आधारे ठरावीक पात्रे प्रसंग उत्स्फूर्तपणे रंगवीत. त्यांपैकी नेपल्स नगरीचे लाडके पात्र म्हणजे पुल्चिनेल्ला. इटालियन भाषेत कोंबडीच्या पिलाला ‘पुल्चिनो’ म्हणतात. चोचीसारख्या नाकामुळे व चिरक्या आवाजामुळे त्याला हे नाव पडले असावे, असे मानले जाते.

१७ व्या शतकाच्या आरंभी सिल्व्हिओ फियोरिल्लो या नटाने हे पात्र रंगभूमीवर रूढ केले. सैल पांढरा अंगरखा, निमुळती टोपी आणि बाकदार नाकाचा काळा अर्धा मुखवटा हा त्याचा वेष. तो सदा भुकेला, आळशी, भित्रा, तरीही बेरकी आहे. धन्याचा मार तो खातो, पण हार मानत नाही. म्हणूनच नेपल्सच्या गरीब जनतेने त्याला आपला मानले.

रंगमंचावरून तो रस्त्यावरील बाहुल्यांच्या खेळातही आला. हातात घालून नाचवायच्या बाहुल्यांच्या या खेळास नेपल्समध्ये ‘ग्वारात्तेल्ले’ म्हणतात. खेळ करणारा एकटाच पडद्याआड उभा राहतो आणि ‘पिवेत्ता’ नावाची छोटी पिपाणी तोंडात धरून पुल्चिनेल्लाचा चिरका आवाज काढतो. कुत्रा, गावगुंड, फाशी देणारा जल्लाद आणि अखेर साक्षात मृत्यू यांच्याशी पुल्चिनेल्ला झुंजतो व त्यांना सोट्याने पिटाळतो. दुबळ्याचा हा विजय पाहून प्रेक्षक हसतात.

इटालियन कलावंतांबरोबर हे पात्र परदेशी गेले. फ्रान्समध्ये ते ‘पोलिशिनेल’ झाले. ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद सॅम्युएल पीप्स यांच्या दैनंदिनीत आहे. त्यातूनच इंग्रजांचा ‘पंच’ घडला. त्याच्या नावाने लंडनमध्ये १८४१ साली विनोदी साप्ताहिक सुरू झाले आणि त्याच धर्तीवर मुंबईत ‘पारसी पंच’ व पुढे ‘हिंदी पंच’ निघाले.

२० व्या शतकाच्या उत्तरार्धात ग्वारात्तेल्लेची परंपरा लोप पावण्याच्या बेतात होती. जुन्या पिढीतील कलावंत नुन्झिओ झाम्पेल्ला यांच्याकडून १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रुनो लिओने यांनी ही विद्या आत्मसात केली व पुढे इतरांनाही शिकविली. लेखी संहिता नसलेली कला गुरूकडून शिष्याकडे गेली तरच टिकते. मृत्यूला पिटाळणाऱ्या पुल्चिनेल्लाला खऱ्या जीवनातही एका शिष्यामुळेच नवे आयुष्य लाभले.