मल्टिपल स्क्लेरोसिस : रुग्ण-संघटनेचा प्रारंभ

मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंवरील मायलिनचे आवरण नष्ट होते. १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी त्यास स्वतंत्र रोग म्हणून निश्चित रूप दिले. मात्र त्यानंतरही पाऊण शतक रुग्णाच्या वाट्याला निदानापलीकडे फारसे काही आले नाही.

१ मे १९४५ रोजी सिल्व्हिया लॉरी यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये एक लहानशी जाहिरात दिली. त्यांच्या भावाला हा आजार होता. यातून बरे झालेल्या कोणीही संपर्क साधावा, एवढाच तिचा आशय. पन्नासहून अधिक पत्रे आली. परंतु ती लिहिणाऱ्यांनाही हेच उत्तर हवे होते. जाहिरातीचा मूळ हेतू अशा रीतीने फसला. तथापि एकमेकांस अपरिचित असलेल्या कुटुंबांचे पत्ते एका ठिकाणी जमले, हीच तिची खरी फलश्रुती मानावी लागते. १९४६ मध्ये लॉरी यांनी स्थापन केलेली संस्था पुढे नॅशनल मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी झाली. आजाराची गती रोखणारे पहिले औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत मान्य होण्यास १९९३ साल उजाडले. म्हणजे संघटना औषधाच्या जवळजवळ अर्धशतक आधी आली.

भारतात मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ मध्ये स्थापन झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने या आजाराचा अनुसूचीत समावेश केला. आरक्षणासारख्या लाभांसाठी मात्र किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक असते. महिन्यागणिक कमी-अधिक होणारी दृष्टी आणि बाहेरून न दिसणारा थकवा त्या टक्केवारीत बसवणे कठीणच.