उतारावर गाडी न्यूट्रल केली तर खरंच पेट्रोल वाचतं का?

ठाण्याकडून गायमुखचा घाट चढला आणि गाडी फाउंटनच्या दिशेनं उतरायला लागली, की शेजारी बसलेलं कुणीतरी म्हणतंच, "न्यूट्रल टाक ना, उगाच पेट्रोल कशाला जाळतोस?" मुंब्रा बायपासवर तेच, कल्याणच्या पत्रीपुलावरून उतरताना तेच.

हा सल्ला एकेकाळी बरोबर होता. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसेडर, जुनी मारुती ८०० या गाड्यांत कार्ब्युरेटर असायचा. इंजिन हवा ओढायचं आणि हवेबरोबर पेट्रोलही ओढलं जायचं. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन जोरात फिरत राहायचं, म्हणजे पेट्रोलही जात राहायचं. न्यूट्रल केलं की फेरे कमी, खर्च कमी. काही जण तर थेट चावीच बंद करायचे.

मग २००० च्या आसपास आपल्याकडच्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं आणि गणित उलटं झालं.

आता सिलिंडरमध्ये किती इंधन सोडायचं हे गाडीतला कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचललाय, इंजिन गरम आहे आणि फेरे साधारण १२०० ते १५०० च्या वर आहेत, असं दिसलं की तो इंजेक्टर बंद करतो. त्या वेळी इंजिनाला फिरवायचं काम चाकंच करत असतात. पेट्रोलचा खर्च शून्य. डिझेल गाडीतही हेच होतं.

न्यूट्रल केलं की चाकं आणि इंजिन यांचा संबंध तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून ईसीयूला थोडं थोडं इंधन सोडावंच लागतं. लहान पेट्रोल गाडी अशी नुसती उभी चालू ठेवली, तर तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल जातं.

आता ३०० मीटरचा उतार धरा, वेग ताशी ४०. उतरायला २७ सेकंद लागतात. न्यूट्रलमध्ये तेवढ्यात पाच-साडेपाच मिलिलिटर पेट्रोल जळतं. लिटरला १०० रुपये धरले तर पन्नास पैसे. गिअरमध्ये राहिलात तर तेही नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढतं, त्यामुळे न्यूट्रलमधली गाडी जास्त लांब घरंगळते. उतार अगदी सौम्य असेल आणि पुढे रस्ता मोकळा असेल, तर गिअरमध्ये पाय उचलून गाडी मंदावायची आणि पुन्हा रेस द्यायची, यात फायदा नाही. तिथे ॲक्सिलरेटर हलका दाबून ठेवलेलाच बरा. पाय पूर्ण उचलायचा तो पुढे वेग कमी करायचाच असेल तेव्हा, किंवा उतार इतका असेल की गाडी आपोआप पळतेय.

मग पेट्रोल जातं कुठे?

ब्रेकमध्ये. अकराशे किलोची गाडी शून्यावरून ताशी ५० ला आणायला, ढोबळमानानं, १२ ते १३ मिली पेट्रोल लागतं. तीन हात नाक्याचा सिग्नल लांबून लाल दिसतोय, तरी रेस देत जायचं आणि शेवटच्या क्षणी कचकन ब्रेक मारायचा, तर हे सगळं ब्रेकच्या उष्णतेत गेलं. म्हणजे उतारावर न्यूट्रल टाकून जी बचत करायला निघालो होतो, त्याच्या दुपटीहून जास्त. त्याऐवजी शे-दीडशे मीटर आधी पाय उचला, गाडी गिअरमध्येच राहू द्या, क्लच अगदी शेवटी दाबा. अनेकदा पोहोचेपर्यंत सिग्नल सुटलेला असतो आणि गाडी थांबवावीच लागत नाही.

कल्याण-शीळ रस्त्यावर संध्याकाळी हे करायला वाव कमीच. काटई नाक्याला गाडी इंचाइंचानं सरकत असेल, तर पुढच्या गाडीशी थोडं अंतर ठेवून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सलग सरकत राहणं एवढंच हातात आहे. मध्ये एखादा रिक्षावाला घुसणार, ते गृहीत धरा.

पैशांपेक्षा मोठा मुद्दा

२० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड मालवाहू गाडीनं डझनावारी गाड्यांना धडक दिली. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून तिथपर्यंत लांबलचक उतार आहे. डिझेल वाचवायला चालकानं उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितलं.

असं का होतं? कारमध्ये ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिन चालू असतानाच भरत राहतो. इंजिन बंद केल्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबला की पुढे पेडल दगडासारखं कडक होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं आणि चावी पूर्ण फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. नुसतं न्यूट्रल केलं तरी इंजिनाचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पकड सुटत जाते. मुंब्रा बायपासवर तुमच्या मागे भरलेला कंटेनर असतो, हेही लक्षात असू द्या.

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजला किंवा नाशिकसाठी कसाऱ्याला जाणाऱ्यांनी जुन्या ड्रायव्हरांचा नियम पाळावा: ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

ऑटोमॅटिकवाल्यांनी चालत्या गाडीत 'एन'ला हात लावू नये. 'डी'मध्ये पाय उचलला की इंधन तोडायचं काम गाडी स्वतःच करते. घाटात मॅन्युअल मोड किंवा 'एल' असेल तर तो वापरा. हायब्रिड गाडी तर पाय उचलताच बॅटरी चार्ज करायला घेते. न्यूट्रल टाकलं तर ती फुकटची वीजही हातची जाते.