मेंदूला जोडलेली तार

मेंदूत विजेचे सूक्ष्म प्रवाह चालतात, हे शास्त्रज्ञांना गेल्या शतकापूर्वीच ठाऊक होते. परंतु माणसाच्या मेंदूतील ते प्रवाह कागदावर उमटवून दाखविले ते जर्मनीतील येना गावच्या हान्स बेर्गर या डॉक्टरांनी, १९२४ साली. शोध जाहीर करावयास त्यांनी आणखी पाच वर्षे घेतली. आजचे कारखानदार यंत्र तयार होण्याआधीच जाहिरात देतात, म्हणून हे सांगितले.

खरा पल्ला गाठला गेला १९६९ साली. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे एबरहार्ड फेट्झ यांनी माकडाच्या मेंदूतील एकाच पेशीला तार जोडली आणि तिचे दुसरे टोक काट्याच्या मापकाला लावले. पेशी जोराने चालू लागली की काटा सरके, आणि काटा पुरेसा सरकला की माकडाला खाऊ मिळे. माकड लवकरच काटा आपणहून हलवू लागले! चार वर्षांनी जाक व्हिडाल यांनी मेंदू आणि संगणक यांच्या या जोडणीला नाव दिले. पुढची तीसएक वर्षे बहुतेक प्रयोगशाळेतच गेली.

२००४ साली मानेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत शंभर सुयांची इवलीशी चकती बसविली, आणि नुसत्या हेतूने तो संगणकाच्या पडद्यावरील खूण हलवू लागला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, अर्धांगवायूने सुमारे पंधरा वर्षे जखडलेल्या बाईने यांत्रिक हाताने कॉफीची बाटली तोंडाशी नेली. २०२३ साली वाचा गेलेल्या दोघी स्त्रियांचे शब्द, एकीचे मिनिटाला ६२ आणि दुसरीचे ७८, यंत्राने पकडले. आपण बोलतो साधारण दीडशे. यंत्र मनातले गुपित वाचते असा मात्र समज नको. ओठ-जीभ हलविण्याचा जो हुकूम मेंदू सोडतो तो ते ओळखते, आणि त्यासाठी माणसाला त्याच्याबरोबर तासन् तास सराव करावा लागतो. २०२४ साली गाजावाजाने बसविलेल्या न्यूरालिंकच्या काही तारा तर काही आठवड्यांतच मेंदूतून मागे सरकल्या.

मला चिंता आहे ती यंत्र बिघडल्यावरची. आर्गस नावाचे उपकरण मेंदूत नव्हे, डोळ्यात बसे. सुमारे ३५० अंधांना त्याने उजेडाची थोडी जाण दिली. २०१९ साली कंपनीने ते बंद केले, पुढल्या वर्षी बहुतेक नोकर काढले. कारखाना बंद पडला की कामगार निदान दाराबाहेर पडतो. या लोकांच्या डोळ्यातच कारखाना राहिला, आणि सुटा भाग मागावयाचा कोणाकडे?

दुसरी गोष्ट कामगारांनीच ध्यानी घ्यावी. २०१८ साली चीनमधील काही कारखान्यांत कामगारांच्या टोपीत मेंदूच्या लहरी टिपणारी साधने बसविल्याचे वृत्त हाँगकाँगच्या पत्राने दिले. तशा टोपीतून कितपत कळते याबद्दल तज्ज्ञ साशंक आहेत. पण पाठीमागे घड्याळ घेऊन उभा राहणारा साहेब ज्याने पाहिला आहे, त्याला हेतू समजावून सांगावा लागत नाही. चिली देशाने २०२१ साली मेंदूच्या व्यापारांना आणि त्यांतून मिळणाऱ्या माहितीला राज्यघटनेतच संरक्षण दिले, आणि २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीस, तिचे यंत्र वापरलेल्या माजी सिनेटरच्या मेंदूची टिपलेली माहिती पुसून टाकावयास लावली. तो फिर्यादी सिनेटर होता. टोपी घातलेल्या कामगाराची फिर्याद अजून कोठल्या न्यायालयात गेल्याचे माझ्या वाचनात नाही.