तेलाचं झाकण

आमच्याकडे स्कूटर होती तेव्हा पंपावर पेट्रोलमध्ये ऑईल घालून घ्यावं लागे. टू-स्ट्रोक इंजिनाचा तो कुळाचारच होता. उलटा प्रकार, म्हणजे ऑईलमध्ये पेट्रोल, जर्मनीच्या एका भारी गाडीच्या नशिबी आला.

परवा भाच्याने पोर्शे ९११ चे दोन जुने फोटो पुढ्यात टाकले. "मामा, साल ओळख." मला दोन्ही गाड्या बसलेल्या बेडकांसारख्या दिसल्या. "तोंड नको बघूस, कूस बघ." एकीच्या उजव्या दारामागे छोटंसं झाकण होतं. "ही १९७२ ची!"

त्याचं असं आहे. या गाडीचं इंजिन पार शेपटाकडे, आणि त्याचं ऑईल वेगळ्या टाकीत. ही टाकी १९६४ पासून उजव्या मागच्या चाकाच्याही मागे असे. मागचा भार जरा पुढे यावा म्हणून १९७२ च्या मॉडेलात ती चाकापुढे आणली आणि ऑईल ओतायला बाहेरून झाकण दिलं. पेट्रोलचं झाकण पुढे, डावीकडे. पण पंपावरच्या माणसाला काय ठाऊक? दिसलं झाकण की खुपसली नळी! १९७३ च्या मॉडेलात टाकी निमूटपणे जुन्या जागी परतली.

विचार बरोबर होता, घात झाकणाने केला. आज शौकीन तेच झाकण हुडकत फिरतात.

आमच्या घरीही जुन्या फोटोंचं साल माझ्या मिशांवरून ठरतं. एकच वर्ष ठेवल्या होत्या. नंतर इतकी वर्षं रोज गुळगुळीत दाढी केली, त्याची नोंद कुणाकडे नाही. शौकीन मात्र अजून भेटायचाय.