मैदानातली शाळा

आमच्या इंदूरमध्ये चाळिशीपुढच्या कोणालाही विचारा, "गाडी कोणाकडे शिकलात?" उत्तर ठरलेले असते. काकाकडे, मोठ्या भावाकडे, नाहीतर शेजारच्या दादाकडे. मोटार शिकवणारे वर्ग शहरात पूर्वीपासून आहेत, पण दुचाकी पैसे मोजून शिकावी असे फारसे कोणाला वाटले नाही. सायकल येते ना, मग गाडी येणारच, असा सरळ हिशेब होता. या बिनभिंतींच्या शाळेने आम्हाला काय शिकवले आणि काय शिकवायचे राहून गेले, हे एकदा मांडावे म्हणून हा लेख.

मोटारसायकलचा जन्म १८८५ सालचा, जर्मनीतला. गॉटलीब डायमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्यात पेट्रोलचे इंजिन बसवले. तिच्यावर स्वार झाला डायमलर यांचा किशोरवयीन मुलगा पॉल. गंमत अशी की या पहिल्या गाडीला तोल सांभाळण्यासाठी दोन्ही बाजूंना छोटी आधाराची चाके होती. म्हणजे जगातली पहिली मोटारसायकल शिकाऊ गाडीच म्हणायची, आणि तिचा स्वार घरातलाच एक मुलगा!

शिकाऊ माणसाची ओळख रस्त्यावर पटावी म्हणून ब्रिटनने १९३५ साली 'एल' अक्षराची पाटी आणली. त्याच वर्षी तिथे नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. तीच पाटी आपल्याकडेही रुळली. आपल्या नियमांत तिचे मापसुद्धा दिलेले आहे. पांढरी पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस आणि तिच्यावर लाल अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर निदान तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. हे तीस दिवस कशासाठी ठेवले असतील, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

आमच्याकडे मात्र अभ्यासक्रम ठरवला तो घरी असलेल्या गाडीने. बजाजच्या स्कूटरचे गिअर डाव्या मुठीत. क्लच दाबून मूठ फिरवायची, आणि गाडी सुरू झाली नाही तर तिला आडवी करून पुन्हा किक मारायची. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या एनफिल्डच्या बुलेटचे गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. किक मारण्याआधी अँपिअरचा काटा मधोमध आणण्याचा सोपस्कार करावा लागे. तो चुकला की किक उलटी येऊन घोटा सुजायचा. म्हैसूरच्या जावा-येझदीची तऱ्हा आणखी निराळी, तिथे किक आणि गिअर एकाच दांड्यात. राजदूत दणकट, दुधाचे कॅन लादून खेड्यातल्या रस्त्यांवर चालणारी. एका गाडीवर तयार झालेला माणूस दुसऱ्या गाडीवर बसला की काही दिवस पुन्हा नवशिका व्हायचा. ऐन वेळी त्याचा पाय जुन्या सवयीने ब्रेकऐवजी गिअरवर पडायचा.

१९७२ मध्ये पुण्याच्या फिरोदियांची लुना आली आणि सायकल व मोटारसायकल यांच्यामध्ये एक पायरी तयार झाली. पेडल मारून सुरू होणारी, गिअर नसलेली ही गाडी अनेक घरांत पहिली गुरू ठरली. पुढे १९८० च्या दशकात कायनेटिक होंडा आली. तिचा कारखाना आमच्या इंदूरजवळच, पीथमपूरला होता. बटण दाबले की सुरू, क्लच नाही, गिअर नाही. पुण्याचे उद्योजक, जपानी तंत्र आणि माळव्यातले कारखान्याचे हात अशी ती गाडी. आमच्या मराठी वस्तीतल्या कितीतरी ताया, मावश्या, वहिन्या हिच्यावर शिकल्या. बँकेत, शाळेत, कार्यालयात जायला कोणी सोडायला येण्याची वाट पाहणे संपले. आमच्या मते या गाडीचे खरे मोल इंजिनापेक्षा इथे आहे.

शिकवण्याची पद्धत सगळीकडे जवळपास एकच. पहाटे चिमणबागेसारखे एखादे मोकळे मैदान गाठायचे. आधी इंजिन बंद ठेवून गाडी नुसती ढकलत फिरवायची, म्हणजे तिचे वजन हाताला कळते. मग स्टँडवर लावून क्लच आणि गिअर. त्यानंतर पहिल्या गिअरमध्ये फेऱ्या, मागे गुरुजी बसलेले. "क्लच हळू सोड" हा पहिला मंत्र आणि "समोर बघ, चाकाकडे नको" हा दुसरा. शेवटी आठाच्या आकड्याच्या फेऱ्या, कारण परीक्षेत तेच विचारतात. या शाळेला फी नव्हती, वेळेचे बंधन नव्हते, आणि पडलेल्याला उठवणारा माणूस आपला होता. तोल, क्लच, धीर या तीन गोष्टी तिने पक्क्या शिकवल्या, हे मान्य केलेच पाहिजे.

राहिले ते थांबणे. "पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील" हे वाक्य ऐकले नाही असा आमच्या पिढीतला चालक विरळा. हे शहाणपण सायकलवरून आलेले. मोटारसायकलीचे गणित वेगळे असते. ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते आणि मागचे चाक हलके होते. त्यामुळे नुसता मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक घसरत जाते आणि गाडी मात्र लवकर थांबत नाही. गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. तो गाडी सरळ असताना, एकदम न आवळता, दाब वाढवत वापरायचा असतो. वळणावर किंवा वाळू-खडीवर जपून वापरायचा असतो. हे मैदानात सहज शिकवता आले असते, पण शिकवणाऱ्यालाही कोणी सांगितलेले नव्हते.

ही अडचण फक्त आपली नव्हती. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागात ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर पाहणी केली. १९८१ च्या त्या अहवालात अपघातग्रस्त चालकांपैकी ९२ टक्के स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले आढळले. तिकडेही बहुतेक जण असेच शिकत असतील, म्हणून या एका आकड्यावरून निकाल देणे बरोबर नाही. त्याच अहवालातली दुसरी नोंद अधिक बोलकी आहे. संकटाच्या क्षणी चालक मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त आणि पुढचा फार कमी वापरत होते. निम्म्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट गाडीची सवय होऊन पाच महिनेही झाले नव्हते. चिमणबागेतली आणि कॅलिफोर्नियातली चूक एकच निघाली!

आपल्याकडे २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. गाड्या सुधारल्या आहेत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना चाक न अडकू देणारी एबीएस यंत्रणा आणि त्याखालील गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा सक्तीची झाली. पीथमपूरला आज गाड्यांची कसोटी घेणारा ११.३ किलोमीटरचा भव्य वेगमार्ग आहे. चालकाची कसोटी मात्र अजून आठाच्या आकड्यावरच आटोपते.

म्हणून ते तीस दिवस महत्त्वाचे. रीतसर प्रशिक्षण मिळेल तेव्हा मिळो, त्याआधी मैदानातली शाळा थोडी सुधारून चालवता येईल. पहिल्या दिवसापासून नीट बसणारे, पट्टा बांधलेले हेल्मेट हवे. चुन्याची रेघ आखून सावकाश वेगात तिच्याआधी थांबण्याचा सराव हवा, दोन्ही ब्रेक वापरून, निदान पन्नास वेळा. वळण्याआधी मान वळवून मागे पाहण्याची सवय हवी. नवी गाडी घरी आली तर अनुभवी माणसानेही चार दिवस नवशिक्यासारखे वागावे. आणि अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी गिअरच्या गाडीची किल्ली देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा बाजूला ठेवला तरी मूल आपलेच आहे.

गणेशोत्सवात आपल्या मंडळाचे तरुण कार्यकर्ते रात्री-अपरात्री गाड्यांवरून धावपळ करत असतात. विसर्जन झाल्यावर एखाद्या रविवारी सकाळी मंडळातर्फे चुन्याच्या दोन रेघा आखून त्यांना मैदानात बोलावता येईल. शिकवायला आमच्या वयाचे काका आहेतच. त्यांनीही त्या दिवशी पुढच्या ब्रेकचा सराव करून घ्यावा, अशी नम्र सूचना.