एकाच छताखाली दोन ताटे

१/ विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील मनोरुग्णालयांत एका रोगाने शेकडो रुग्णांचे प्राण घेतले. त्याच इमारतींत राहणाऱ्या परिचारिका व सेवकांना मात्र त्याची बाधा होत नव्हती. ही विसंगती ज्यांना उमगली त्या डॉक्टरची, आणि रुग्णांच्या ताटाची ही कथा.

२/ रोगाचे नाव पेलाग्रा. उन्हात उघडी राहणारी त्वचा काळवंडून सोलवटते. मग अतिसार, बुद्धिभ्रम आणि अखेरीस मृत्यू. १७३५ च्या सुमारास स्पेनमधील वैद्य गास्पार कासाल यांनी त्याचे वर्णन केले, तर नाव पडले इटलीत. दोन्ही देशांतले बळी एकाच वर्गातले होते : मक्यावर गुजराण करणारे गरीब शेतकरी.

३/ १९०६ साली अलाबामातील माउंट व्हर्नन येथे, कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या मनोरुग्णालयात हा रोग उसळला. डॉ. जॉर्ज सीअर्सी यांनी ८८ रुग्णांची नोंद केली. त्यांतील ५७ दगावले.

४/ तो काळ जंतुशास्त्राच्या विजयाचा होता. साहजिकच बहुतेक तज्ज्ञांना हा संसर्गजन्य रोग वाटला. काहींनी कीटकांना दोष दिला, काहींनी बुरसटलेल्या मक्याला.

५/ १९१४ मध्ये सरकारी आरोग्यसेवेने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना दक्षिणेत धाडले. बालपणी हंगेरीतून न्यूयॉर्कला आलेल्या ज्यू कुटुंबातले हे गृहस्थ साथरोगांचे जाणकार होते. त्यांनी साधा प्रश्न विचारला : रोग संसर्गाचा असेल, तर तो रुग्ण आणि सेवक असा भेद कसा करील?

६/ उत्तर स्वयंपाकघरात होते. रुग्णांच्या वाट्याला मुख्यतः मक्याचे पीठ, काकवी व थोडी खारवलेली चरबी येई. दूध-मांसासारख्या चांगल्या अन्नातून निवड करण्याची पहिली संधी सेवकांना मिळे. छत एक होते, ताटे दोन होती.

७/ जॉर्जियातील मिलेजव्हिल येथील मनोरुग्णालयात त्यांनी पेलाग्रा होऊन गेलेल्या रुग्णांचे दोन कक्ष निवडले आणि आहारात दूध, ताजे मांस व कडधान्ये वाढवली. वर्षभर निरीक्षणाखाली राहिलेल्या ७२ जणींपैकी एकीलाही रोग उलटला नाही. जुन्याच आहारावर राहिलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो पुन्हा झाला.

८/ येथे क्षणभर थांबले पाहिजे. त्या दुसऱ्या गटाला आपले ताट बदलून मागण्याचा अधिकार नव्हता. ज्ञान हाती आले, पण त्याची किंमत ज्यांचा शब्द कोणी ऐकत नव्हते त्यांनी मोजली.

९/ तरीही टीकाकार मानेनात. १९१६ मध्ये गोल्डबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे रक्त स्वतःला टोचून घेतले, त्यांच्या त्वचेच्या खपल्या गोळीतून गिळल्या. त्यांच्या पत्नी मेरी याही या प्रयोगात सामील झाल्या. कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

१०/ हा विरोध केवळ शास्त्रीय नव्हता. रोगाचे मूळ आहारात आहे म्हणजे ते दारिद्र्यात आहे, आणि त्याचा ठपका कापसाच्या अर्थव्यवस्थेवर येतो, हे दक्षिणेतील पुढाऱ्यांना मानवणारे नव्हते. दोष जंतूंचा किंवा रक्ताचा ठरला, तर ताटाचा हिशेब द्यावा लागत नाही.

११/ यातला क्रूर भाग असा की पेलाग्रा स्वतःच बुद्धिभ्रंश घडवतो. उपासमारीने भ्रमिष्ट झालेली माणसे मनोरुग्णालयात येत, आणि तेथेही त्यांच्यापुढे तेच अन्न वाढले जाई.

१२/ गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारले. नेमका घटक १९३७ मध्ये कॉनराड एल्वेजेम यांना गवसला : नियासिन हे ब जीवनसत्त्व. मक्यातले नियासिन शरीराला सहसा मिळत नाही. पण मेक्सिकोतील स्त्रिया शतकानुशतके मका चुन्याच्या निवळीत शिजवत आल्या, आणि त्याने ते मोकळे होते. मका युरोपात पोहोचला. ही रीत मागेच राहिली.

१३/ आणि हा रोग आपल्यालाही परका नाही. दख्खनमधील ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत तो आढळत असे. १९६० मध्ये डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी त्यावर महत्त्वाचा निबंध लिहिला. ज्वारी वाईट नव्हे. ताटात भाकरीशेजारी दुसरे काही नसणे, हा खरा रोग.

१४/ म्हणून एखाद्या संस्थेचा इतिहास वाचताना तिच्या इमारती आणि संस्थापकांपाशी थांबू नका. तेथे कोण काय जेवत होते, आणि कोणाला आधी वाढले जात होते, हेही शोधा.